इंजनाची जोडी

आमच्या गावात तलावाच्या पाण्याची पाळी बैलांवरून ठरायची. पोळ्याच्या दिवशी ज्याची जोडी आखरावरच्या, म्हणजे गुरं जमायच्या मोकळ्या जागेवरच्या, तोरणाखालून जाईल, त्याच्या धानाला पाणी. जोडी नाही तर पाळी नाही. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. मालगुजार झामसिंग यांच्या आजोबांनी तो घातला होता म्हणे, आणि झामसिंग तो सैल करायला तयार नव्हते. सैल केला असता तर तलाव हळूहळू सगळ्यांचा झाला असता.

मी सांगते ते एकोणीसशे सेहेचाळीस साल. मी सोळा वर्षांची होते. गाव तिरोड्याकडून बोदलकशाला जाताना लागायचं. त्या साली धानाचा रोवणा आटोपला, श्रावण लागला आणि घटसर्पानं आमचे दोन्ही बैल गेले. चांद्या सकाळी गेला, हिऱ्या दुसऱ्या दिवशी दुपारी. माझा बा, इंदरलाल, रिकाम्या दावणीशी बसून राहिला. माय रडली नाही. तिचं नाव गुणवंता. तिनं दोघांच्या घुंगरमाळा धुतल्या, पुसल्या आणि खुंटीला टांगल्या.

"रडाले मंग वेळ आहे," ती म्हणाली. "धानाचं पाहा."

धान पाच बांध्यांत उभं होतं. ते पोटरीवर आलं की त्याला पाणी लागतं, आणि नेमका तेव्हाच पाऊस दगा देतो. पाळी मिळाली नाही तर दाणा भरणार नव्हता. दाणा भरला नाही तर वर्षभर आम्ही काय खाणार होतो, हे मायनं एकदाही तोंडानं काढलं नाही. रोगामुळं जनावरांचे बाजार बंद होते. दुसऱ्याची जोडी मागून उभी करावी, तर गावातला प्रत्येक बैल प्रत्येकाला ओळखीचा.

बा मालगुजारांकडं गेला. तेव्हा ते तलावाच्या पारीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभे राहून पार कुठं झिरपते ते बघत होते. गावातली वीस-पंचवीस माणसं जमली होती. बाची शिदोरी द्यायला गेलेली मी तिथंच थांबले.

"मालक, औंदा मले सांभाळा," बा म्हणाला. "जोडी रोगानं गेली. पुढच्या साली उभी करतो."

"आज तुह्यासाठी सोडलं, त उद्या साऱ्यांसाठी सोडा लागते, इंदर."

मालगुजारांचा मुकद्दम खेमराज बाजूलाच होता. वसुली करायचा आणि पोळ्यात मालकांच्या बाजूनं झडत्या, म्हणजे टोमण्यांची कवनंही, म्हणायचा. त्याची जीभ दोन्हीकडं सारखीच चालायची.

"कायले चिंता करता, मालक?" तो म्हणाला. "याच्या वाडीत बिरसीचं इंजन पडून आहे ना. त्यालेच शिंगं लावून आनते पोळ्यात."

सगळे हसले. झामसिंगही हसले, आणि हसता हसता बोलून गेले, "आन बाबा, आन. कोनी ढकललं नाही, कोनी ओढलं नाही, अन् तुही जोडी तोरनाखालून गेली, त पाळी देतो. साऱ्या गावासमोर बोलून राहिलो."

बा हसला नाही. त्यानं जमलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवली.

"साऱ्या गावानं ऐकलं," तो म्हणाला आणि निघाला.

वाटेत मी विचारलं, "बा, ते इंजन चालते का?"

"पाहिलं नाही कधी."

ते इंजन आमच्या वाडीत भोपळ्याच्या वेलाखाली वर्षभर पडून होतं. लढाईच्या दिवसांत बिरसीला विमानांचं मैदान झालं, तेव्हा बा तिथं कामाला होता. लढाई संपल्यावर तिथलं मोडकं सामान एका ठेकेदारानं उचललं. ते गाड्यांवर चढवायचं काम बानं केलं आणि मजुरीऐवजी हे इंजन मागून घेतलं. सोबत सामान ओढायच्या हातगाडीची चार चाकं. माय तेव्हा आठ दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. इंजन घागरीएवढं होतं. डोक्यावर पाणी भरायची उघडी टाकी, एका बाजूला जड चाक. त्या चाकाला दोरी गुंडाळून ओढायची, पेट्रोलवर सुरू करायचं आणि मग रॉकेलवर चालवायचं, एवढं बानं तिथं बघितलेलं होतं.

पोळ्याला तेवीस दिवस होते.

आम्ही दोघांनी ते सगळं उकललं. प्रत्येक नट मी सुपात ओळीनं मांडायची, म्हणजे कुठला कुठं बसतो ते चुकणार नाही. आत उंदरानं घर केलं होतं, ते काढलं. गंजलेले भाग रॉकेलमध्ये भिजवले, राखेनं घासले. जुन्या खाचराची, म्हणजे छोट्या बैलगाडीची, साटी खाली घेतली, तिला ती चार चाकं बसवली. मागच्या आसावर बानं बीजा झाडाच्या लाकडाचं एक मोठं चाक ठोकलं. इंजनापासून त्या चाकापर्यंत चामड्याचा पट्टा. पट्टा गोंदियाच्या एका धानगिरणीत टाकून दिलेला होता, तीन ठिकाणी मीच शिवला. पट्टा सैल असला की इंजन नुसतं धडधडायचं. लाकडी दांडा ओढून पट्टा ताणला की गाडी चालणार, अशी योजना. पुढचा आस मधोमध खिळ्यावर फिरता ठेवला आणि त्याच्या दोन टोकांना कासरा बांधला. डावा ओढला की गाडी डावीकडं.

सगळ्यात पुढं चांद्या-हिऱ्याचं जू, आणि जुवाखाली दोन लाकडी बैल. ते माझ्या आजानं कोरलेले, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला चाकांवरून मिरवायचे, बकरीएवढे उंच. मायनं ते माळ्यावरून काढून पुसले, गेरू लावला, घुंगरमाळा घातल्या. मग इंजनाकडं बघितलं.

"याचा धूर कुठून निघते?"

"पुढून," बा म्हणाला.

"म्हंजे बैलाच्या तोंडावर? पोळ्याच्या दिवशी? देव आहेत ते."

"लाकडाचे आहेत."

"लाकडाचे देव तुह्या घरात नाहीत का?"

बानं इंजन उलटं फिरवून बसवलं. धूर आता मागून निघणार होता. माय समाधानानं घरात गेली.

पोळ्याला सहा दिवस उरले असताना आम्ही पहिल्यांदा इंजन सुरू केलं. बानं दोरी ओढली. पाचदा, दहादा, पंधरादा. मग ते खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि लागलं धडधडायला. कोंबड्या छपरावर चढल्या. मी साटीवर बसून दांडा ओढला. गाडी हलली आणि सरळ मागं गेली. मला थांबवायचं कसं तेच सुचेना. मी उकिरड्यात जाऊन बसले, गाडीसकट.

माय दारात आली. "हे मागं काऊन जाऊन राहिली?"

बानं कपाळाला हात लावला. इंजन उलटं बसवलं की ते चाकंही उलटीच फिरवणार, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"तुह्या देवाईनं फिरवली," तो म्हणाला.

"मंग आता इंजन सरळ करशीन अन् देवाईच्या तोंडात धूर घालशीन?"

बा रात्रभर तळमळला असणार. सकाळी उठून गोंदियाला गेला, गिरणीत. संध्याकाळी येऊन त्यानं पट्टा मधोमध पिळला, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. गिरणीत एखादं चाक उलटं फिरवायचं असलं की असंच करतात, म्हणाला. दांडा ओढला. गाडी पुढं गेली. पण बा बसला की हलेना, इंजन गुदमरून बंद व्हायचं. मी बसले की जायची.

"झालं," माय म्हणाली. "पोरगीच बसन."

"आखरावर पोरगी?"

"तुहा भार ओढत नाही ना तुहा बैल?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. त्यांच्या मानेला तूप-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. संध्याकाळी माय वाटी घेऊन आली. लाकडी बैलांच्या खांद्यांना तिनं तूप-हळद लावली. मग जरा थांबली, आणि इंजनाच्या जड चाकालाही लावली.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये," ती इंजनाला म्हणाली, आणि आमच्याकडं न बघता आत गेली.

अडचण एकच उरली होती. पेट्रोल औषधाच्या बाटलीत होतं तेवढंच, एकदा सुरू करण्यापुरतं. रॉकेलही मोजूनमापून मिळण्याचे ते दिवस. इंजन मध्येच बंद पडलं तर पुन्हा लागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव आखरावर जमलं. दोन बांबूंच्या मध्ये आंब्याच्या पानांचं तोरण, अलीकडं जोड्यांची रांग. पहिली जोडी मालगुजारांची. तिच्या शिंगांवर कागदी फुलांचं मखर, हातभर उंच. ती जोडी गेल्यावर पोळा फुटायचा आणि बाकीच्यांनी जायचं. आम्ही शेवटी आलो. मी साटीवर, हातात कासरा, बा बाजूनं हात पाठीमागं बांधून चालत, म्हणजे कुणी म्हणू नये की ढकललं.

बैल बिचकले, पोरं धावली. कुणीतरी ओरडलं, "मारबतीचं सोंग उद्या निघते, आजच काऊन आनलं?" एक म्हातारा हात जोडून बाजूला झाला. काय समजून, देव जाणे.

"पोरीले कायले बसवलं रे?" झामसिंग म्हणाले.

"इंजनाले माहा भार झेपत नाही, मालक. तिचा झेपते."

"पोळ्यात बायका नाही येत."

"तुम्ही म्हटलं, कोनी ढकलाचा नाही, कोनी ओढाचा नाही. कोन बसाचं, ते नाही म्हटलं."

मालगुजार इंजनाकडं बघत राहिले. टाकीतलं पाणी वाफाळायला लागलं होतं. मग त्यांनी खेमराजला खूण केली. खेमराज पुढं झाला, कानावर हात ठेवला आणि झडती सुरू केली:

"बिरसीच्या भंगारात सापडलं टोपलं,
इंदरच्या गोठ्यात बैल म्हनून झोपलं,
शेन नाही, मूत नाही, नुसताच धूर,
पोळ्याच्या देवा, याले ठेवजो दूर, हर हर महादेव."

लोक हसले. त्यानं दुसरी म्हटली. मग तिसरी, चौथी. पाचव्या झडतीला माझ्या लक्षात आलं. तो थांबणारच नव्हता. झडत्या संपल्याशिवाय मालकांची जोडी हलत नाही, ती हलल्याशिवाय आमची नाही. इंजन तिथंच उभं राहून आपलं रॉकेल पिऊन संपवणार होतं. मी बाच्याकडं बघितलं. त्यालाही कळलं होतं. त्याचे हात अजून पाठीमागंच होते, पण बोटं पांढरी पडली होती.

झडतीला फक्त झडतीनं अडवता येतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण बाच्या तोंडून कधी दोन ओळी जुळल्या नव्हत्या.

मी साटीवर उभी राहिले. धडधडीच्या वर आवाज चढवावा लागला:

"तलाव खोदला कोनं? माह्या आज्यानं,
पार बांधली कोनं? साऱ्या गावानं,
पानी देल्लं कोनं? वरच्या देवानं,
मंग पाळी रोखली कोन्या नावानं? हर हर महादेव."

कुणी हसलं नाही. मागून एकाच माणसानं "हर हर महादेव" म्हटलं, मग बऱ्याच जणांनी. झामसिंग जागेवरून हलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. खेमराजनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात इंजनानं रॉकेलच्या शेवटच्या घोटावर उचकी दिली. बंदुकीसारखा आवाज झाला. मखरवाली जोडी उधळली. धरणाऱ्याच्या हातून दोर सुटला आणि बैल तोरणाखालून थेट तलावाकडं पळाले. मखर मागं पडलं.

"पोळा फुटला," लोक ओरडले.

मी खाली बसले आणि दांडा ओढला. गाडी निघाली. रांगेतल्या जोड्या आपोआप बाजूला झाल्या. इंजन आचके देत होतं. दहा हात. पाच हात. लाकडी बैल तोरणाखाली गेले, जू गेलं, घुंगरमाळा वाजल्या, आणि इंजन बंद पडलं. मी बरोबर तोरणाखाली, मागची चाकं अलीकडं.

एकदम शांत झालं. बा पुढं आला आणि थबकला. हात लावला असता तर सगळं गेलं असतं.

"अर्धीच गेली," खेमराज म्हणाला. "गाडी इकडंच आहे."

बायका आखराच्या कडेला उभ्या होत्या. त्यांच्यातून माय सरळ चालत आली. डोक्यावरचा पदर तिनं सावरला, पण मान खाली घातली नाही.

"मुकद्दमजी, पोळ्यात गाडी मोजता का बैल?"

मायनं बैल पळाले त्या तलावाकडं बोट केलं.

"तुमच्या मालकाची गाडी तरी कुठं गेली तोरनाखालून? बैलच गेले. माहेही बैल गेले, दोन्ही. पाहून घ्या, शेपट्यासकट."

रांगेतला एक जण वाकून लाकडी शेपट्या बघू लागला आणि म्हणाला, "गेल्या बाप्पा." मग हसू फुटलं. ते हसू आमच्यावर नव्हतं, हे झामसिंगांना आमच्याआधी कळलं असावं.

"शेवटची पाळी घेजो, इंदर," ते म्हणाले.

"शेवटची चालन," बा म्हणाला.

पाणी आमच्याकडं आलं तेव्हा पाऊस जाऊन अठरा दिवस झाले होते. बांधीत भेगा पडल्या होत्या. बांधीचं तोंड मी फावड्यानं उघडलं. मळकं पाणी भेगांत शिरताना बुडबुडे काढत होतं. पारीवर झामसिंग उभे होते. बाच्याकडं न बघता मला म्हणाले, "पुढच्या साली बैल आनजा, पोरी. ते धूड नोको."

"आनू ना, मालक," मी म्हटलं.

पुढच्या पोळ्याला आम्ही खरी जोडी उभी केली. तिच्यामागं इंजन, पेट्रोलच्या दोन भरलेल्या बाटल्या, आणि साटीवर मी.