ठमीचा रिपोर्ट

माझ्या मांजराला कॅन्सर झालाय हे माझ्याच घरात सगळ्यांत शेवटी मला कळलं. रोजच्या दूधवाल्यालाही माझ्याआधी कळलं असेल, सांगता येत नाही!

ठमी चौदा वर्षांची. जूनच्या सुरुवातीला तिच्या पोटाशी, आचळाजवळ, माझ्या हाताला हरभऱ्याएवढी गाठ लागली. माझे गुडघे धरले होते, म्हणून आमचे हे तिला धवलच्या दवाखान्यात घेऊन गेले. धवल जनावरांचा डॉक्टर, आणि एकेकाळी शाळेत माझा विद्यार्थी. नंतर एक दिवस हे म्हणाले, "चरबीची गाठ आहे. वयानं होते." मी लगेच देवापुढे साखर ठेवली. मूर्ख बाई!

काल ठमी धापा टाकायला लागली. हे राहुरीला लग्नाला गेलेले. मी तिला टोपलीत घातलं, रिक्षा केली आणि दवाखाना गाठला. मला एकटीला बघून धवलचा चेहराच उतरला. त्यानं एक्स-रे काढला आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, फुप्फुसात पसरलंय."

"काय पसरलंय?"

मी टेबलावरची फाईल ओढली. आत पुण्याहून आलेला रिपोर्ट, अकरा जूनचा. काल ऑगस्टची दोन तारीख. कोपऱ्यात पेननं लिहिलेलं, 'बाईंना सांगू नये.' अक्षर धवलचं. ते वळणदार अक्षर मीच त्याच्याकडून घोटून घेतलेलं.

"काकांनी शपथ घातली होती, बाई. म्हणाले, तुमचं बीपी..."

"बीपी गेलं खड्ड्यात! तेव्हा ऑपरेशन झालं असतं?"

"झालं असतं. वयामुळे धोका होता. पण गाठ लहान होती, पसरलेली नव्हती."

आपल्याकडे ज्याला कॅन्सर होतो, त्याच्यापासून लपवतात. इथं मांजराला काय सांगणार कपाळ, म्हणून दोघांनी मलाच पेशंट केलं! चाळीस वर्षांच्या संसारातला नवरा आणि हाताखालून गेलेला पोरगा. इतका विश्वास मी तिसऱ्या कुणावर टाकला नव्हता.

धवल म्हणाला, आता पुण्याला नेऊन दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध देता येईल. दोन-तीन महिने जास्त मिळतील, कदाचित. नाहीतर घरीच दुखणं कमी करायचं औषध द्यायचं. ठमी टोपलीत घातली की वेशीबाहेरचं केडगाव यायच्या आत घसा फोडते, पुण्यापर्यंत तिचे काय हाल होतील! मी घरच्या औषधाची बाटली पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी हे लग्नाचे लाडू घेऊन आले.

"रिपोर्ट वाचला मी," मी म्हटलं.

हे खुर्चीत बसले. "तुला त्रास नको म्हणून..."

"माझा त्रास माझा होता! तुम्ही कोण तो परस्पर ठरवणारे? आता ऐका. पुण्याला न्यायचं नाही. हे मी ठरवलंय, तुम्हाला न विचारता. जूनमध्ये ऑपरेशनला हो म्हटलं असतं का, देव जाणे. पण जे काय ते मी म्हटलं असतं. सात आठवडे तुम्ही तिला माझ्या मांडीवर बघत होता आणि खुशाल पेपर वाचत होता!"

हे चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "आईच्या वेळी तूच म्हणाली होतीस ना, सांगायचं नाही म्हणून?"

खरं होतं. सासूबाईंना कॅन्सर होता, आम्ही त्यांना आतड्याची सूज सांगितली होती. शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "शोभा, तू तरी खरं सांग."

मी म्हटलं, "सूजच आहे, आई. उतरेल."

त्यांनी हात सोडला, कूस बदलली आणि त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. भेटायला येणाऱ्या सगळ्यांना मी सांगत राहिले, औषधाची गुंगी आहे.

काल कळलं मला. त्या पूर्ण शुद्धीत होत्या.