दुसऱ्या माणसाचे चारशे

आमचं रेडियमचं दुकान आहे, एम. पी. नगरात, झोन दोनमध्ये. काचेवरची अक्षरं, केबिनला फ्रॉस्टेड पट्टी, दवाखान्याच्या वेळा, गाडीवर नाव, असली किरकोळ कामं. कापून देतो आणि जाऊन लावूनही देतो. भाव मी लावते. अठ्ठावीस वर्षं मीच लावते आहे, आणि सांगते, मोठ्या बोर्डाचा भाव कोणीही लावेल, अक्कल लागते ती लहान कामाला. माणूस येतो आणि बोटांनी वीतभर दाखवतो. ‘मैडम, इतनी सी तो पट्टी है.’ अरे बाबा, पट्टी वीतभर असली म्हणून लावणारा काय वीतभर येणार आहे? तो अख्खा येतो. त्याला पेट्रोल लागतं, काच धुवावी लागते, जुनं चिकटलेलं खरवडावं लागतं. मी सहाशे सांगते. तो म्हणतो, माल तर शंभराचा आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ठाऊक आहे मला. पण आमच्या धंद्यात मसाल्यालाच मोल आहे.

भाव मी लावायचा आणि लावायला आमचे हे जायचे, दिगंबर. दुकानात मागे प्लायवूडचं पार्टिशन आहे. त्याच्यामागे रोल उभे असतात आणि कापायचं मशीन आहे. हे तिथे बसलेले असायचे. मी गिऱ्हाइकाशी बोलताना तिकडून एकच प्रश्न यायचा, ‘दुसरा माणूस धरलास का?’ म्हणजे शिडी धरायला माणूस लागणार असेल, तर त्याची चारशे रुपये मजुरी भावात धरली का. मी किती लावते, किती सोडते, ह्यांनी जन्मात विचारलं नाही. तेवढं एक विचारायचे. मी वैतागून म्हणायचे, ‘धरला हो, धरला.’

ह्यांना जाऊन अकरा महिने झाले, तरी प्रश्न येतच होता.

पहिल्यांदा आला तेव्हा तेरावा होऊन पाच दिवस झाले होते. भर दुपार, बाहेर कोचिंगच्या पोरापोरींची ही गर्दी, समोसेवाल्याची आरडाओरड. एका क्लासवाल्याला काचेवर नाव हवं होतं. मी कॅल्क्युलेटरवर आकडे मारत होते आणि पार्टिशनमागून आवाज आला. नेहमीचाच, जरा बसलेला, दातात टेप धरून बोलल्यासारखा. ‘धरला हो,’ म्हणून मी पुढचा आकडा मारला सुद्धा. मग हात थांबला. क्लासवाला म्हणाला, ‘किससे बात कर रही हैं, मैडम?’ मी मागे जाऊन पाहिलं. रोल उभे होते. मशीनवर कापड झाकलेलं होतं, मीच झाकलेलं.

काय काय केलं नाही मी? रोल दुसऱ्या भिंतीला लावले. उदबत्ती झाली, मारुतीचा अंगारा झाला. शेवटी सुताराला बोलावून पार्टिशनच काढून टाकलं. तर आवाज माळ्यावरून यायला लागला. आणि हे बघा, एरवी काही नाही. मी एकटी बसलेली असो, रडत असो, ह्यांचं नाव घेऊन हाक मारो, काही नाही. भाव लावायला घेतला की प्रश्न. चारशे धरले की शांत. नाही धरले तर पुन्हा. शेवटी तीन फुटांवरच्या दाराच्या काचेलाही मी शिडीचे चारशे धरायला लागले, आणि गिऱ्हाईक समोरच्या रेडियमवाल्याकडे जायला लागलं. मुलगी सई पुण्याला असते, ती फोनवर म्हणायची, ‘आई, तू दमली आहेस, दुकान विकून टाक.’ तिला काय सांगणार? भुताची मला भीती नव्हती. नवरा होता तो माझा. भीती त्या प्रश्नाची वाटायची, कारण त्याचं उत्तर मी एकदा खोटं दिलं होतं.

काम होतं एका दाताच्या डॉक्टरचं. शटरच्या वर नावाची अक्षरं लावायची, बारा फुटांवर. डॉक्टरने फोनवर फोटो पाठवला. फोटोत शटरपुढे गाडी चढवायचा उतार दिसत होता, त्यावर गुळगुळीत फरशी. मला दिसत होतं. मी दोन माणसांचा भाव पाठवला. डॉक्टर म्हणाला, ‘सामनेवाला चार सौ कम में कर रहा है.’ बरोबर चारशे. तो आठवडा मंदीचा होता आणि समोरच्याने माझी तीन कामं पळवली होती. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ठीक आहे, चारशे कमी.

शिडी धरायला नेहमी अंबरीश यायचा. अंबरीश म्हणजे ह्यांचा मावसभाऊ. त्याची आई तो सात वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून आमच्या सासूबाईंनीच त्याला वाढवला. लग्न झाल्यावर तो अयोध्या नगरला राहायला गेला, पण दिवसभर आमच्याकडेच. वीस वर्षं ह्यांच्या शिडीला त्याचा हात. सकाळी मी त्याला फोन केला. ‘आज येऊ नकोस, एका माणसाचं काम आहे.’ तो ‘बरं वहिनी’ म्हणाला.

निघताना ह्यांनी विचारलं, ‘दुसरा माणूस धरलास का?’ मी खरं सांगितलं असतं तर हे गेलेच नसते. अगदीच अडल्याशिवाय एकट्याने शिडीवर चढायचं नाही, हा ह्यांचा नियमच होता. आणि मी तर भाव देऊन बसले होते. मी म्हटलं, ‘धरला होता, पण अंबरीशचा फोन बंद लागतोय. आला नाही तो. उद्या डॉक्टरचं उद्घाटन आहे, तुम्ही बघा कसं जमतं ते.’ ह्यांचं तोंड उतरलं. शिडी सायकलरिक्षावर घालून गेले.

तिथून ह्यांनी घरी आईला फोन केला. ‘आई, अंबू आज आलाच नाही, मला जेवायला उशीर होईल.’ मुलाच्या तोंडून आईने ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. अर्ध्या तासात शिडी सरकली.

अंबरीश हॉस्पिटलात धावत आला तेव्हा सासूबाई त्याच्यावर तुटून पडल्या. ‘कुठे होतास? कुठे मेला होतास तू?’ अंबरीशने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. मग त्याने मान खाली घातली आणि तोही काही बोलला नाही. त्यानंतर घराचं दार त्याला बंद झालं. बाजारात बोंब झाली की हा भावाला शिडीवर सोडून पळाला, तेव्हा त्याला कोणी कामावर घेईना. एका गोदामाच्या गेटवर बसतो, असं कानावर होतं. सासूबाईंनी मला बजावून ठेवलं होतं, वर्षश्राद्धाला मुलाच्या जागी कोणालाही बसवा, गुरुजींना सांगून परका बसवा, पण त्याचा हात लागता कामा नये. आणि मी ‘हो आई’ म्हणत होते. मला स्वतःची शिसारी यायची, तरी म्हणत होते.

श्राद्धाला आठ दिवस उरले होते तेव्हा विमल दुकानात आली. विमल म्हणजे अंबरीशची बायको. पायरीवरच उभी राहिली.

‘वहिनी, एक काम होतं. लहानसंच आहे.’

साडीला फॉल-पिको करायचं काम ती घरात सुरू करत होती. बाल्कनीच्या बाहेरच्या अंगाला तीन फुटांची पट्टी लावायची होती, रस्त्यावरून दिसेल अशी. मी तिला बसवलं. पाणी दिलं.

‘लावायला माणूस पण तुमचाच लागेल,’ ती म्हणाली. ‘आमचे हे शिडीला हात लावत नाहीत आता. परवा साधा बल्ब बदलायचा होता, तर शेजाऱ्याला बोलावलं. जे होतील ते पैसे सांगा वहिनी. कमी करा म्हणायला आम्हाला तोंड नाही.’

‘असं का म्हणतेस?’

‘चूक ह्यांचीच ना. त्या दिवशी गेले असते तर भाऊजी आज असते. मी रोज विचारते, का नाही गेलात? नुसते बसून राहतात.’ तिने पदराने तोंड पुसलं. ‘मावशींच्या एकदा पाया पडू दे, एवढंच म्हणतात. श्राद्धाला बाहेर उभे राहतील. आत येणार नाहीत. तुम्ही मावशींना विचाराल का?’

म्हणजे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी कॅल्क्युलेटर ओढला आणि आकडे मारायला लागले, तीन फूट गुणिले एक, कापणं, चिकटवणं.

‘दुसरा माणूस धरलास का?’

विमलकडून चारशे कसे धरू? मी बेरीज केली.

‘दुसरा माणूस धरलास का?’ या वेळी आवाज वरून आला नाही. अगदी खांद्याशी आला. रागावलेला नव्हता. त्या दिवशी निघताना होता तसाच होता, साधा, मी काहीही सांगितलं तरी विश्वास ठेवणारा.

‘नाही धरला,’ मी मोठ्याने म्हटलं. ‘त्या दिवशीही नव्हता धरला.’

विमल दचकली. ‘कोणाशी बोलताय वहिनी?’

‘तुझ्याशी,’ मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, चारशे रुपये, सकाळचा फोन, सगळं. विमलने पिशवी मांडीवर ओढून घेतली. म्हणाली, ‘वर्षभर मी त्यांना टोचून बोलले. रोज. जेवताना सुद्धा.’ मग उठली. ‘चला. मावशींना सांगा. आत्ता.’

दुकान बंद केलं. तिला स्कूटरवर मागे घेतलं आणि घरी गेले.

सासूबाई खाटेवर बसून वाती वळत होत्या. विमलला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. मी जमिनीवर बसले आणि सांगितलं. त्यांच्या हातातली वात वळायची थांबली नाही. माझं संपलं तरी त्या वळतच होत्या. मग म्हणाल्या, ‘अंबूला बोलाव.’

अंबरीश अर्ध्या तासाने आला. गार्डचा निळा शर्ट, केस पांढरे झालेले. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, अकरा महिन्यांत आला नव्हता तो. सासूबाईंनी विचारलं, ‘हिने तुला येऊ नको म्हटलं होतं?’

त्याने माझ्याकडे पाहिलं. हॉस्पिटलात पाहिलं होतं तसंच. ‘नाही मावशी,’ तो म्हणाला. ‘वहिनी उगाच स्वतःवर घेतेय. मीच आलो नाही.’

मी खरं सांगते आहे आणि हा माझ्यासाठी खोटं बोलतो आहे.

‘मी वाढवलाय तुला,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तू खोटं बोललास की मला कळतं. वर्षभर तोंडच उघडलं नाहीस, म्हणून कळलं नाही.’ आता त्यांचा आवाज फाटला. ‘का रे गप्प बसलास, अंबू?’

‘दादा तर गेलाच होता,’ अंबरीश म्हणाला. ‘तुम्ही वहिनीलाही घराबाहेर काढलं असतं. मग तुम्हाला कोण बघणार होतं?’

त्या खाटेवरून उतरल्या. भिंत धरत उंबऱ्यापर्यंत गेल्या, त्याचा हात धरून त्याला आत आणलं आणि त्याच्या छातीवर कपाळ टेकून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. विमल रडत होती. मी जमिनीवरच होते. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं आणि ते बरोबरच होतं.

मग सासूबाई माझ्याकडे न बघताच बोलल्या. ‘श्राद्धाला अंबू बसेल. स्वयंपाक विमल करेल.’

‘आई, ह्यांचं पान तरी मला वाढू द्या,’ मी म्हटलं. एवढं एक मागितलं.

‘अंबूने दगा दिला असं समजून तो गेला,’ त्या म्हणाल्या. ‘आधी खरं काय ते त्याला सांग. मग त्याचं पान वाढ.’

दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर लवकर दुकान उघडलं. शटर अर्धंच वर केलं. कॅल्क्युलेटर पुढे ओढून विमलच्या पट्टीचा भाव लावायला घेतला, कारण एरवी हे येत नाहीत. तीन गुणिले एक.

‘दुसरा माणूस धरलास का?’

‘अंबरीशचा फोन बंद नव्हता,’ मी म्हटलं. ‘मीच त्याला येऊ नको म्हटलं होतं. चारशे रुपयांसाठी. तुमच्याशी खोटं बोलले मी. तो आला असता हो. तो कधीच चुकला नाही.’

माळ्यावर काही हललं नाही. मी थांबले. बाहेर समोरच्याने शटर उघडलं, पोरं क्लासला जायला लागली. मी पुन्हा आकडे मारले, मुद्दाम दुसरा माणूस न धरता. पुन्हा मारले. काही नाही.

श्राद्धाच्या दिवशी अंबरीश पाटावर बसला. विमलने केलेला स्वयंपाक मी ह्यांच्या पानात वाढला. सासूबाईंनी अडवलं नाही, बोलल्याही नाहीत. त्याला आता महिना होऊन गेला. विमलची पट्टी लागली, शिडी अंबरीशने धरली. मी दिवसाला आठ-दहा भाव लावते आणि प्रत्येक वेळी थांबून कान देते. प्रश्न येत नाही. लोक म्हणतील, सुटले, शांती मिळाली. त्यांना आमचे हे ठाऊक नाहीत. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे माझ्यावर खरोखर रागावले ते दोनदा, आणि दोन्ही वेळा भांडले नाहीत, अबोला धरला. पहिला चार दिवस चालला, दुसरा तीन आठवडे. ह्यांनी मला माफ केलं की हा तिसरा आहे, ते मला कोण सांगणार?