मापाची गाडी

अभिजीतचा मेसेज आला तेव्हा श्रद्धा कंपनीच्या कँटीनमध्ये उभ्याने चहा पीत होती. बसून चहा पिणं तिला कधी जमलंच नाही. ‘बदलीला रिलीव्हर लवकर मिळाला. पुढच्या रविवारी घरी. गाडी धुऊन ठेव.’ नवरा इतक्या महिन्यांनी बोटीवरून घरी येतोय म्हटल्यावर दुसरी एखादी पहिल्या दोन वाक्यांतच हरखली असती. हिने शेवटचं वाक्य वाचलं आणि उरलेला चहा बेसिनमध्ये ओतला.

कारण गाडी धुऊन भागण्यासारखं नव्हतं.

गाडी म्हणजे साधीसुधी मोटारसायकल नव्हे, स्पोर्ट टूरर. पुढून शर्यतीची, मागून प्रवासाची, घाटाघाटांतून लांबच्या लांब पळवायची चीज. अभिजीत बोटीवर इंजिनरूममध्ये काम करतो. एका सुट्टीत त्याने ती हौसेने घेतली, दोनदा महाबळेश्वरला नेऊन आणली, आणि तो परत बोटीवर गेल्यावर ती बदलापुरात मांजर्लीतल्या त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ताडपत्री पांघरून मालकाची वाट बघत बसली.

घेतली त्याच संध्याकाळी श्रद्धा तिच्यावर बसली होती. माहेरी भावाची मोटारसायकल ती कॉलेजपासून चालवत आलेली, लायसन्सही गिअरच्या गाडीचं, मग भीती कसली? पण ही गाडी भलतीच उंच निघाली. श्रद्धाचे कसेबसे चवडे टेकले, गाडी कलली आणि सगळ्या बिल्डिंगच्या डोळ्यांदेखत दोघी आडव्या झाल्या. अभिजीतने गाडी उचलली, आधी आरसा फुटलाय का ते पाहिलं, आणि मग हसत हसत, चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, “सोड गं, ही तुझ्या मापाची नाही.” सोसायटीचा सेक्रेटरी उन्मेष हसला. गॅलरीतल्या बायका हसल्या. श्रद्धाही हसली. त्या हसण्याचा तिला अजून राग येतो, आणि तो सगळ्यात जास्त स्वतःच्या हसण्याचा येतो.

जाताना अभिजीत बजावून गेला होता, दर रविवारी गाडी चालू कर, जागेवरच, नाहीतर बॅटरी उतरेल. आता जागेवर उभी राहून घरघरणारी गाडी आणि जागेवर उभी राहून तिचा कान पिरगाळणारी श्रद्धा, या दोघींत जास्त कंटाळली होती कोण, ते सांगणं कठीण. तशात कंपनीने बदलापूरहून तळोज्याला जाणारी बस बंद केली. मग दोन रिक्षा, एक बस, पुन्हा रिक्षा, आणि एवढं करून लॅबमध्ये उशिराचा शेरा. आठवडाभर हे सोसल्यावर एका पहाटे श्रद्धाने खुंटीवरची चावी काढली, ताडपत्री ओढली आणि चवड्यांवर तोल सांभाळत गेटबाहेर पडली. पडली म्हणजे निघाली. त्या दिवशी खरीखुरी पडली नाही.

पण चार दिवसांत तिचं अंग आंबून गेलं. मनगटं ठणकायची, मान अवघडायची, कमरेचे टाके ढिले व्हायचे. त्या गाडीचं हँडल खाली, बसायचं ते वाकून. वाऱ्यासारखं सुटायचं असेल तर वाकावं माणसाने, पण काटई रोडवर ट्रेलरच्या मागे रांगत जाताना वाकून नमस्कार करायचा तो कुणाला?

म्हणून ती उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये दिपेशच्या वर्कशॉपमध्ये गेली. दिपेशच्या वडिलांचा सोफ्याच्या गाद्यांचा धंदा. पोराने तो गाड्यांच्या सीटवर आणला आणि हळूहळू सीटवरून सगळ्या गाडीवर पसरला. त्याने हँडल उचलून जवळ आणलं. मागचा शॉकॲब्झॉर्बर, म्हणजे शॉक, खाली बसवून गाडी बुटकी केली, आणि गाडी खाली आली तर साइड स्टँड लांब पडतो म्हणून तोही कापून जोडून दिला. पुढे छातीवर वारा येऊ नये म्हणून उंच काच लावली, मागे डबा आणि रेनकोट मावेल असा बॉक्स. सीटचं काम सगळ्यात शेवटी. श्रद्धाला गाडीवर बसव, उतरव, परत बसव, असं करत त्याने फोमवर खडूच्या खुणा केल्या आणि पात्याने फोम तासला. बाहेर रस्त्यावर आणून बसली तेव्हा तिच्या दोन्ही टाचा डांबराला टेकल्या. श्रद्धा बराच वेळ तशीच बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

जुने पार्ट तिने गोणीत बांधून माळ्यावर टाकले. अभिजीत फोनवर विचारायचा, गाडी बरी आहे ना? ती म्हणायची, बरी आहे. यात खोटं काहीच नव्हतं.

मग सासू मागे बसायला लागली. बनूबाईंनी मोरिवलीतलं घर सोडून मांजर्लीच्या फ्लॅटमध्ये मुक्काम हलवला, पण जीव काही हलवला नाही. रोज सकाळी मोरिवलीला जाऊन तिथल्या एका कंपनीच्या गेटसमोर भाजीची पाटी लावल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. श्रद्धाची वाट मोरिवलीवरूनच जायची. म्हातारी हेल्मेट घालून, लुगड्याचा काष्टा आवळून, सुनेच्या मागे बसून निघाली की शेअर रिक्षातले लोक वाकून बघायचे. त्यांच्या पाठीला टेकू हवा म्हणून दिपेशने बॉक्सला मऊ उशी जोडली. सगळ्या मांजर्लीला हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त अभिजीतला.

आणि आता तो येत होता.

श्रद्धाला घरात चैन पडेना. भांडी घासलेलीच परत घासली. माळ्यावरची गोणी खाली काढली, परत वर ठेवली, परत काढली. शेवटी सुट्टीच्या दिवशी ती गोणी बॉक्सवर बांधून ती कॅम्प चारला पोचली आणि म्हणाली, “सगळं पहिल्यासारखं करून दे.”

दिपेशने तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. “भाभी, मस्त चाललीय ना गाडी?”

“मालक येतोय तिचा.”

“मालक?” दिपेश म्हणाला आणि त्याने पाना उचलला. लोखंड सगळं गुमान परत गेलं. हँडल खाली गेलं, काच उतरली, बॉक्स उतरला, शॉक उंच झाला, स्टँडला पुन्हा तुकडा जोडला. सीटपाशी आल्यावर त्याने हात पुसले. “लोहा वापस जाता है, भाभी. फोम नाही. कटला तो कटला.” मग कंपनीची नवी सीट शोधून आणली. जुनी, तिच्या बैठकीची, त्याने भिंतीवर खिळ्याला टांगली.

निघताना श्रद्धाची नजर मीटरवर गेली. रोज डोळ्यांसमोर असणारा किलोमीटरचा आकडा तिला इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा दिसला. “आणि हे?”

“वो तो चुगली करेगा,” दिपेश म्हणाला.

तिथेच तिने शहाणं व्हायला हवं होतं. पण माणूस एकदा लपवायला लागला की उघडं पडलेलंसुद्धा झाकत सुटतो. बघू, आकड्याचं काहीतरी सांगू, असं म्हणत ती निघाली आणि सासूला घ्यायला मोरिवलीला आली. बनूबाईंनी गाडीला एक फेरी मारली. “माझी उशी खं गेली?”

“बसा आई. घट्ट धरा मला.”

गावातून मोठ्या रस्त्याला लागायच्या वळणावर पाइप टाकायला खणून ठेवलं होतं. समोरून टेम्पो आला, श्रद्धाने ब्रेक दाबला आणि सवयीने डावा पाय खाली सोडला. पायाला जमीन लागलीच नाही. जमीन होती, पण वीतभर खाली. गाडी सावकाश, अगदी सावकाश कलत गेली आणि मागची म्हातारी, पिशवीतला दुधी, सगळं मातीत गेलं.

समोरच्या टपरीवरच्या लोकांनी धावत येऊन गाडी उचलली. श्रद्धाने सासूला उचललं. बनूबाईंचं कोपर खरचटलं होतं, रक्त आलं होतं. श्रद्धाला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त संताप आला. त्या टेम्पोचा, त्या खड्ड्याचा, बोटीवरच्या माणसाचा, आणि आपल्याच हाताने आपले पाय जमिनीवरून उचलणाऱ्या स्वतःचा. रस्त्यातच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

बनूबाई दगडावर बसल्या. दुधी पुसून पिशवीत घातला. मग म्हणाल्या, “रडतंस कनाला? लपवाचा व्हता तं पयल्या दिवशी लपवाचा. आता सगली मांजर्ली जानते.”

“ते चिडतील, आई.”

“माझा पोर हाय, मना ठावं हाय. चिडंल, जेवंल, निजंल. पर सोमवारी मना हितं कोन आनंल? तो आनंल?”

श्रद्धाने डोळे पुसले आणि रिक्षाला हात केला. सासू रिक्षाने गेली, सून चवड्यांवर टेकत टेकत घरी पोचली. रात्रभर तिचा डावा पाय पांघरुणात जमीन शोधत राहिला. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर ती घरी आलीच नाही, थेट कॅम्प चारला गेली. दिपेशने तिला दारात पाहिलं आणि खिळ्यावरची सीट खाली काढली.

रविवारी अभिजीत आला. आईच्या पाया पडला, कोपराच्या पट्टीबद्दल विचारलं. “पडले,” बनूबाई म्हणाल्या आणि ताट वाढायला उठल्या. तो जेवला, चॉकलेटं काढली, नवीन फोन दाखवला. श्रद्धा स्वयंपाकघरातून बाहेर आणि बाहेरून स्वयंपाकघरात. तिला वाटत होतं, आत्ताच सांगावं. मग वाटायचं, हात तरी धुऊ दे त्याला. त्याने हात धुतले आणि खुंटीवरची चावी घेतली.

ती त्याच्या मागोमाग जिना उतरली.

पार्किंगमध्ये अभिजीत थबकला. रविवारचा दिवस, बिल्डिंगची माणसं खालीच होती. उन्मेष पाण्याच्या टाकीपाशी कुणाशी तरी हुज्जत घालत होता, तो हुज्जत सोडून बघायला लागला. अभिजीत गाडीभोवती फिरला. काच पाहिली, हँडल पाहिलं, बॉक्सवरच्या उशीला हात लावला. “हे कुणी केलं?”

“मी,” श्रद्धा म्हणाली. “रोज तळोज्याला जाते हिच्यावरून. वाटेत आईंना मोरिवलीला सोडते.”

“आणि माझी गाडी?”

“तुमचे पार्ट गोणीत आहेत. एकही हरवला नाही. सीटचा फोम तेवढा परत व्हायचा नाही. पण नवी सीट आणलीय तुमच्यासाठी.”

“इतके महिने फोनवर बोलतोय आपण. मला सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही हसला असतात.”

अभिजीतने उशीवरचा हात काढला. हसलाच असता तो, आणि हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. मग पुरुषमाणसाला अशा वेळी जे सुचतं तेच त्याला सुचलं, तो गाडीवर बसला. सहा फुटी माणूस. गुडघे वर आले, कोपरं बाहेर गेली. लहान पोराच्या सायकलवर काका बसावा तसा तो दिसत होता. त्याने गाडी चालू केली, गेटपर्यंत नेली, आणि वळवताना हँडल त्याच्या गुडघ्यावर आपटलं. गाडी डगमगली. त्याने पाय टाकून ती सावरली, जेमतेम, आणि पुढे होऊन श्रद्धाने हँडल पकडलं म्हणून तो आणि गाडी दोघंही उभी राहिली.

गॅलरीत कुणीतरी खुसखुसलं. उन्मेषच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते. अभिजीतचं तोंड लाल झालं. “ही...” तो म्हणाला आणि अडला. पुढचे शब्द काय ते त्याला ठाऊक होते, श्रद्धाला ठाऊक होते, आणि उन्मेषलाही आठवले असावेत. इतके महिने श्रद्धाने मनातल्या मनात हा दिवस किती वेळा रंगवला होता, आणि दर वेळी त्यात ती पोट धरून हसली होती.

ती हसली नाही. तिने एकदा उन्मेषकडे पाहिलं, तसा तो टाकीकडे वळला. अभिजीत उतरेपर्यंत तिने हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. उतरल्यावर अभिजीत जरा वेळ तिच्या टाचांकडे बघत राहिला, मग त्याने किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

“उद्या माझी फर्स्ट शिफ्ट आहे,” श्रद्धा म्हणाली. “खुंटीवर ठेवा.”