अर्ध्यावर थांबलेला धवला

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. ओळखलंत ना, मित्रांनो? संगणकाच्या पोटात बसलेली असते ती. लोखंडी, चपटी, दिसायला अगदीच सुमार. माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला म्हणे. मला मात्र आठवतं ते रेवदंड्यापासूनचं. पोटात तबकड्या गरगरत असतात म्हणून माझं बोलणंही जरा फिरून फिरून येतं, तेवढं चालवून घ्या.

रेवदंड्याला बाजाराच्या तोंडाशी विपुल आणि अल्पेश या चुलतभावांचा स्टुडिओ होता. हळदी-लग्नांचे व्हिडिओ काढायचे. अल्पेश कॅमेरा घेऊन मांडवात घुसायचा आणि विपुल मागच्या खोलीत बसून ते सगळं कापून जोडायचा. हे सामान साठवायला त्यांनी एक सर्व्हर केला, म्हणजे कायम जागा राहून सगळ्यांचं सांभाळणारा संगणक. त्यात मला बसवलं.

आधी विपुलने माझे भाग पाडले. शेताला बांध घालतात ना, तसे. पार्टिशन म्हणतात त्याला. एका भागात मशीन सुरू करायचं सामान, एक लहानसा भाग घाईगर्दीत तात्पुरतं काही ठेवायला, एक फोटोंचा, एक व्हिडिओंचा. प्रत्येक भागाच्या कपाळावर त्याचा प्रकार लिहिलेला. पण लग्नसराई आली की व्हिडिओंचा भाग तुडुंब भरायचा आणि शेजारी फोटोंचा भाग आपला ओसाड पडलेला. बांधापलीकडची जागा मागायची सोय नाही. विपुल वैतागून म्हणायचा, "आपलाच शेत नि आपल्यालाच बंदी!"

मग तो पनवेलला जाऊन एक कोर्स करून आला आणि आल्या आल्या मधले बांध फोडून मोकळा झाला. फोटो-व्हिडिओंचा मिळून एकच मोठा भाग केला आणि त्याच्या कपाळावर नवा प्रकार लिहिला, एलव्हीएम. त्याचा अर्थ असा की ही एकटी नाही, गटातली आहे. हिला वाचायचं तर आधी गटाला विचारा. जागा संपली की नवी डिस्क आणायची आणि गटात घ्यायची. वरून बघणाऱ्याला एकच मोठं कोठार दिसतं, खाली डिस्क एक आहे की दोन, त्याला पत्ताही लागत नाही. तसंच झालं. जागा संपली आणि माझ्या शेजारी दुसरी आली. मी थोरली, ती धाकटी. एखाद्या गाण्याची सुरुवात माझ्याकडे असायची आणि शेवट तिच्याकडे. आमचं कधी वाजलं नाही हो. डिस्कांना तेवढी अक्कल असते.

गाणी कुणाची म्हणाल, तर सखुबाईची. सखुबाई या दोघा भावांची आत्या आणि पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. आगरी लग्नात विधीविधीला जे गाणं म्हणतात तो धवला, आणि तो म्हणणारी ती धवलारीण. तिने तोंड उघडल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. सखुबाईचे धवले कुठे लिहिलेले नव्हते, सगळे तोंडी. विपुल ते प्रत्येक लग्नातून वेगळे काढून ठेवायचा. बाई स्टुडिओत येऊन ऐकत बसायची आणि म्हणायची, "बघ रं, या मशिनीला माझ्यापरास जास्ती येता!" खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

पण दृष्ट लागली. भावाभावांत कुरबुर सुरू झाली आणि एक दिवस अल्पेश सगळ्यांदेखत बोलून गेला, "कॅमेरा मी चालवताव. तू काय, खोलीत बसून नुसती बटना दाबतस." झालं! धंद्याची वाटणी ठरली. वाटणीला घरचे वडीलधारे म्हणून अल्पेशचे वडील, हिरामणकाका बसले. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, जोडीची वस्तू एकेक. कॅमेरे वाटले, दिवे वाटले, खुर्च्या वाटल्या.

"डिस्की पन दोन हायेत," अल्पेश म्हणाला.

"मंग एक तुझी, एक त्याची," हिरामणकाका म्हणाले. "विपुल, तुझा काय म्हनना हाय?"

आम्ही दोघी जोडलेल्या आहोत, एक काढली तर दुसरीचंही धड राहणार नाही, हे त्या घरात एकट्या विपुलला माहीत होतं. त्याचे ओठ हललेसुद्धा. पण ते बटणांचं बोलणं त्याच्या काळजात रुतलं होतं. नेऊ दे, उद्या येईल नाक घासत, असं त्याच्या मनात आलं.

"माझा काय नाय," तो म्हणाला. "नेऊ दे."

आणि त्याने स्वतःच स्क्रू काढून आम्हा दोघींना वाटणीच्या चटईवर ठेवलं.

अल्पेश माणगावला गेला आणि हायवेवर त्याने सीसीटीव्ही बसवून द्यायचं दुकान टाकलं. इकडे विपुलने मला सुरू केलं, तर मशीन म्हणालं, गटातली एक डिस्क सापडत नाही. त्याने गुपचूप बटण बंद केलं, मला माळ्यावर टाकलं आणि घरात सांगितलं, "अल्पेशने डिस्क नेली, आत्याची गाणी गेली." सगळ्यांनी अल्पेशला नावं ठेवली. विपुलने ती ठेवू दिली. पण त्या दिवसापासून तो माळ्याकडे मान वर करून बघेना.

मग सखुबाईला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली. आणि तिच्या लेकीचं, प्राप्तीचं, लग्न ठरलं.

प्राप्ती विपुलकडे आली. "दादा, गावातल्या सगल्या पोरी माझ्या आयेच्या धवल्यावर सासरी गेल्या. आता माझ्याच लग्नाला आय मुकी. बघ ना, काय तरी उरला असंल."

विपुल तिच्या तोंडाकडे बघू शकला नाही. त्याने मला खाली काढलं, धूळ पुसली, पिशवीत घातलं आणि माणगावची एसटी धरली.

"कशाला आलास?" अल्पेशने विचारलं.

"धाकटी डिस्क हाय का रं?"

"ती? मशिनीला लावली तं बोलली, हिच्यात काय हाय ते समजत नाय, साफ करू का? मी हो केला. दुकानाच्या म्होरचा कॅमेरा तिच्यावरच चालतो." त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. हायवेवरून एक ट्रक गेला, मागे टेम्पो, मागे पुन्हा ट्रक. आत्याच्या गाण्यांवरून इतके दिवस गाड्या चालल्या होत्या. अल्पेश सहज म्हणाला, "मना वाटला रिकामीच हाय. काय असता तं तू सांगला नसतास का?"

विपुल माझी पिशवी मांडीवर घेऊन खाली बसला. "मना ठावं होता रं. दोनी जोडलेल्या होत्या. रागात नाय बोललो. आन् वर तुझाच नाव सांगत फिरलो."

अल्पेशने मला पिशवीतून काढलं. "ऊठ. उरला तेवढा काढू."

धाकटीशिवाय त्यांनी मला कसंबसं उघडलं. हळदीचे धवले धडधाकट निघाले. पाठवणीचा मात्र अर्धाच होता.

लग्नाला त्यांनी मलाच मशीनसकट मांडवात नेऊन कर्ण्याला जोडलं. हळद झाली, बायका डोळे पुसत हसल्या. मग पाठवणीची वेळ आली. सखुबाईचा खणखणीत आवाज मांडवभर घुमला, "जाय गो लेकी खाडीपल्याड, मागं वलून बघू नको, आय तुझी..."

आणि थांबला. माझ्याकडे पुढचं नव्हतं.

खुर्चीत बसलेल्या सखुबाईचे ओठ हलत राहिले. ती धवला पुरा म्हणत होती, फक्त आवाज नव्हता. प्राप्तीने तिच्या तोंडाशी कान नेला. तिला काहीच ऐकू आलं नाही.

विपुलने आत्याचे पाय धरले. "आत्या, मना ठावं होता. मी बोललो नाय." तिने चांगला हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि लगेच काढून घेतला. राग आला की माया, कुणाला कळलं नाही, आणि तिला सांगताही येईना.

आता दोघे भाऊ प्रत्येक गाण्याची एक प्रत रेवदंड्याला आणि एक माणगावला ठेवतात. मी फळीवर असते. विपुल अधूनमधून मला सुरू करतो आणि तो अर्धा धवला थांबेपर्यंत ऐकतो. मलाही अपराधी वाटतं. आम्ही दोघी एक आहोत हे माझ्या कपाळावरच लिहिलेलं होतं, आणि मी वाटणीच्या चटईवर गप्प पडून राहिले.

मित्रांनो, जपायच्या वस्तूची दुसरी प्रत ठेवा, ते तर कराच. पण काही मोडतंय हे ठाऊक असेल, तर रुसवा गिळा आणि वेळेवर सांगा. सखुबाईची वाचा गेली होती. मला तर देवाने तोंडच दिलं नाही. तुम्हाला आहे.