रिकाम्या पेटीवरचं लेबल

मी लेबल बोलतोय. कोपऱ्यावर उभा केलेला नारिंगी चौकोन, आत फुटणाऱ्या बाँबचं काळं चित्र, तोच मी.

डब्लिनबाहेरच्या एका गोदामात माझा जन्म झाला. समुद्रातल्या गॅसविहिरीच्या नळीला भोकं पाडायची स्फोटकं असतात ना, त्यांच्या पेटीवर मला चिकटवलं. माझी ऐट काय सांगू! तीन महिने खाऱ्या पाण्यात बुडालो तरी सुटायचो नाही, असला माझा गोंद. मला चिकटवणारा विक्रांत पुण्याचा. पेटी रिकामी झाली की लेबल आधी काढायचं, हे गोदामात तोच सगळ्यांना शिकवायचा.

आणि भंगारातली पेटी घरी नेताना पठ्ठ्या हेच विसरला. जाड फोम, भक्कम कड्या. असली पेटी टाकून देणं आपल्या माणसांच्या जिवावरच येतं.

डब्लिनजवळच्या ल्यूकनमध्ये विक्रांतच्या घरी त्याचे वडील पद्माकर राहायला आले होते. जन्मभर चित्रकला शिकवली, आता हात कापायचे. तरी पुण्याहून बॅगेत शाडू आणून दोन महिने गणपती घडवत होते, दूरच्या ॲथलोन गावातल्या गणेशमंडळासाठी. डोळे आखताना उजवा हात डाव्याने धरायचे. “यामिनी, हा शेवटचा गं,” ते सुनेला म्हणाले. मूर्ती फोममध्ये अगदी चपखल बसली. मला त्यांनी गरम पाण्याने, नखाने खरवडून पाहिलं. मी हललोसुद्धा नाही. मग यामिनीने पेटीवर शाल घातली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी विक्रांत गाडी घेऊन कामावर गेलेला, म्हणून मूर्ती ॲथलोनला पोचवायला सासरा-सून पेटी घेऊन बसस्टॉपवर उभी होती. वाऱ्याने शाल उडाली आणि मी ड्रायव्हरला दिसलो. त्याने बस रिकामी केली. पाठोपाठ पोलीस आले.

“इनसाइड गॉड, ओन्ली गॉड,” पद्माकर सांगू लागले. यामिनीने कपाळाला हात लावला.

तिने पोलिसाला सगळं नीट समजावलं. तो माणूस भला होता. “तुमचं खरंही असेल हो,” तो म्हणाला, “पण पेटीवर काय लिहिलंय बघा.” तिने विक्रांतला अकरा फोन केले. स्फोटकांजवळ मोबाइल चालत नाही, त्याचा फोन बाहेरच्या कपाटात वाजत होता.

मला ओरडायचं होतं, अरे, मी खोटं बोलतोय! पण लेबलाला कुठलं आलंय तोंड? लष्कराचं बाँब निकामी करणारं यंत्र रांगत आलं आणि त्याने पाण्याच्या झोताचा एकच फटका मारला. पेटी फाटली. फुटपाथवरून राखाडी चिखल गटाराकडे वाहू लागला.

पोलिसाने मनापासून माफी मागितली. यामिनी म्हणाली, “बाबा, प्राणप्रतिष्ठा व्हायची होती अजून. नुसती मातीच होती ती.”

“हो गं, मातीच,” ते म्हणाले. त्यांनी कोटाचं बटण लावायला घेतलं, पण बोटं ऐकेनात. शेवटी तिनेच लावलं.

आता मी पोलीस ठाण्यात एका पिशवीत पडून आहे. तुम्हाला हात जोडून सांगतो, पेटी रिकामी झाली की मला सोलून काढा, नाहीतर काळं फासा. त्या म्हाताऱ्यासमोर माझंच खरं धरलं सगळ्यांनी, आणि मी सांगत होतो त्यातलं पेटीत काहीच नव्हतं.