धुरीतलं नाव

कुकरची शिट्टी झाली, नवरा रवी डबा घेऊन सिन्नरच्या कंपनीत गेला आणि सृष्टी भाकरी थापायला बसली. रोजचीच सकाळ. भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्या छातीत एकदम धडधड सुरू झाली. हातांना मुंग्या आल्या. आपण आता मरणार, इथेच, या चुलीपुढे, असं तिला अगदी पक्कं वाटलं. भाकरी करपायला लागली तरी तिला हात हलवता येईना.

"झालं हिचं सुरू!" सासू यशोदाबाई ओट्यावरून ओरडल्या. "भरल्या घरात मरण दिसतं बाईला! काय कमी हाय गं तुला?"

कमी काहीच नव्हतं, आणि म्हणून सांगायचं तरी काय, हेच सृष्टीला कळत नव्हतं. आरडाओरडा ऐकून शेजारच्या लताबाई धावत आल्या. विधवा बाई, दोन म्हशींच्या दुधावर एकटीच राहायची. त्यांनी आधी तवा उतरवला, मग सृष्टीचे गार पडलेले हात आपल्या हातात घेतले.

"घाबरू नको पोरी. माझ्या भाचीला असंच व्हायचं. डॉक्टरनं बरी केली तिला. यशोदा, हिला नाशिकला घेऊन जा."

यशोदाबाईंनी सुनेला नेलं खरं, पण खंडूबुवाकडे. त्या दिवशी अमावास्या होतीच.

सायखेड्याच्या अलीकडे, नदीच्या काठाला त्यांची वाडी. वाडीच्या टोकाला या बुवाचा दरबार. दर अमावास्येला तिथे माणसांची रीघ लागायची. घाबरणाऱ्या बाईला पाटावर बसवायचं, पुढ्यात निखाऱ्यांवर सुक्या मिरच्या टाकायच्या आणि वरून घोंगडी पांघरायची. "कोण हाईस? नाव सांग!" नाव निघेपर्यंत घोंगडी निघत नसे. आणि ज्याचं नाव निघेल त्याने पुढच्या अमावास्येला त्याच घोंगडीखाली बसायचं, नाहीतर वाडी सोडायची. देवाच्या नावाने चाललेली ही खाटीकगिरी अख्खी वाडी हात जोडून बघायची. शिकलेलेही बघायचे, बरं का!

सृष्टीची मान यशोदाबाईंनीच खाली दाबून धरली होती. श्वास मिळेना, डोळ्यांची आग आग झाली. सुटायचं तर कोणाचं तरी नाव घ्यायलाच हवं होतं. तिला सकाळपासून मायेचा एकच चेहरा दिसला होता, तोच डोळ्यांपुढे आला.

"लताबाई!" ती किंचाळली, आणि घोंगडी निघाली.

दुसऱ्या दिवसापासून लताबाईंचं दूध कोणी घेईना. त्यांना बघून बाया पोरांना पदराआड ओढू लागल्या. "मी काय केलंय म्हणून बसू धुरीत?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यावरून वाडीने त्यांना चेटकीण ठरवलं. येत्या अमावास्येला बसायचं, नाहीतर म्हशी घेऊन चालतं व्हायचं.

सृष्टी माहेरी सिन्नरला गेली तेव्हा तिथेही तिला तसंच झालं. तिच्या आईने मात्र सरळ नाशिकची एसटी धरली. सरकारी दवाखान्यात छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत होतं. मग तिथल्या डॉक्टर ललिता मॅडमनी तिला समोर बसवून शांतपणे समजावलं.

"याला अतिचिंतेचा झटका म्हणतात. भीती खरी असते, धोका खरा नसतो. झटका आला की त्याच्याशी भांडू नकोस. पाय जमिनीला घट्ट टेकव, श्वास सावकाश सोड, आजूबाजूला काय दिसतंय त्याची नावं घे. झटका चढतो तसा उतरतोही. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, आणि मला भेटायला येत राहायचं."

सृष्टी ढसाढसा रडली. म्हणजे अंगात कोणीच नव्हतं! मग ती घोंगडी कशासाठी? लताबाईंचे हाल कशासाठी? डोळे पुसले तेव्हा तिचं ठरलं होतं, बुवाला सोडायचं नाही.

अमावास्येच्या दिवशी ती आपल्या पायांनी दरबारात गेली. जाण्याआधी तिने रवीला बजावलं, "मला सोडवायला येऊ नको. नुसतं मोबाईलवर शूटिंग चालू ठेव. तेवढं तरी करशील ना?" रवीने मान खाली घालून हो म्हटलं.

बुवा लताबाईंची वाट बघत होता. लताबाई गर्दीच्या मागे ताठ उभ्या होत्या. सृष्टी पुढे झाली आणि पाटावर बसली.

"बुवा, मला परत लागलंय. आधी मला धुरी द्या."

मिरच्या तडतडल्या. ठसका लागला, छाती धडधडू लागली. ये, तिने मनात म्हटलं, तुला ओळखते मी आता. तिने तळपाय जमिनीत रोवले आणि श्वास सावकाश सोडला. पाट. निखारे. घोंगडीचं भोक.

"कोण हाईस? नाव सांग!"

"खंडूबुवा!" ती साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली. "मी खंडूबुवा! मीच लागलोय हिला!"

गर्दीतले जोडलेले हात सुटले. बुवाचं तोंड पांढरं पडलं. "खोटं! भूत खोटं बोलतंय!"

सृष्टीने घोंगडी फेकून दिली. डोळे लालबुंद झाले होते, पण आवाज कापत नव्हता. "लताबाईचं नाव घेतलं तवा खरं बोलत होतं व्हय?"

सहादू म्हातारा काठी टेकत पुढे आला. त्याची लेक याच पाटावर बेशुद्ध पडली होती. "बुवा, नेम म्हंजी नेम. माझी पोर बसली, तुम्ही बी बसा."

"बसा!" मागून आवाज उठला. "बसवा त्याला!"

सृष्टीने निखाऱ्यांची पाटी पायाने बुवाकडे सरकवली. धूर त्याच्या तोंडावर गेला आणि तो खोकत मागे पडला.

"अरे मारता का मला? धुरीत माणूस सुटण्यासाठी कुणाचं बी नाव घेतं रे!"

बोलून गेला, आणि आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच कळलं. सृष्टीला असा आनंद झाला की तिला त्या आनंदाची जराही लाज वाटली नाही. रवीचा मोबाईल चालूच होता.

ती लताबाईंच्या पाया पडायला वाकली, तशा त्या मागे सरल्या. "पाया नको पडू. माझं जे व्हायचं ते झालं. आता पोलिसांत चल. जादूटोण्याविरुद्ध कायदा हाय ना?"

दोघी निघाल्या, तशा यशोदाबाई धावत आल्या. त्यांनी सुनेचा दंड धरला. "बुवाचं नाव दे गं. त्याला जेलात घाल. पण मी तर तुझ्या बऱ्यासाठीच..."

"माझी मान कोणी दाबली होती?"

यशोदाबाईंनी पकड आणखी घट्ट केली. "घरातलं माणूस ना मी?" त्या कशाबशा म्हणाल्या. "माझं बी नाव देणार तू?"

सृष्टीने त्यांचा हात दंडावरून सोडवला.

"देणार. आणि या वेळी खरं नाव देणार."