बंगला नंबर सतराचा कुत्रा

सुरतेत लिंबायतच्या डॉक्टरांनी निंबा पाटलांची साखर मोजली, कागदाकडे बघून एक शीळ घातली आणि एका महिन्याची मुदत दिली. "रोज तासभर चाला. महिन्याने साखर खाली आली नाही, तर रोज सकाळी पोटात इंजेक्शन."

निंबांनी आयुष्यात एकदाच इंजेक्शन घेतलं होतं. तेव्हा तिघांनी त्यांना धरलं होतं आणि चौथ्याला टाके पडले होते.

आता चालायचं म्हणजे काय मोठं? तीस वर्षं कापडाच्या चार लूमच्या मधून येरझाऱ्या घातलेला माणूस. लिंबायतच्या गल्लीत राहत होते तोवर तर चालणं हे वेगळं काम असतं, हेच त्यांना माहीत नव्हतं. दळण घेऊन गिरणीत जायचं, गिरणीतून न्हाव्याकडे, तिथून जुन्या दोस्ताच्या, उखाच्या ओट्यावर, आणि मग पीठ गिरणीतच राहिलं म्हणून परत गिरणीत.

पण तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या मुलाने, योगेंद्रने, डुमस रोडवरच्या सोसायटीत सतरा नंबरचा बंगला घेतला होता. योगेंद्र पलसाण्याला डाईंग मास्टर होता. आबांना बंगल्यात ठेवीन, असं तो तिसरीत असताना बोलला होता आणि बोललं ते करून दाखवायची त्याला वाईट खोड होती. बंगल्याच्या पुढे हिरवळ होती, मागे हिरवळ होती. गिरणी, न्हावी आणि उखा मात्र कुठल्याच बाजूला नव्हते. कोथिंबीर संपली की सून उज्ज्वला कायनेटिक काढायची. कायनेटिकमधलं पेट्रोल संपलं की त्या दिवशीच्या भाजीत कोथिंबीर नसायची.

पहिल्या सकाळी निंबा धोतर खोचून निघाले. चाळीस पावलं झाली असतील-नसतील, एक मारुती पुढे गेली, थांबली आणि उलटी उलटी मागे आली.

"केम काका, गाडी बगडी गई?"

"नाही हो, चालून राहिलो."

"अरे, चालता कशाला? बेसी जाव ने!"

त्या सोसायटीत गाडी बिघडलेला माणूसच चालायचा, आणि म्हाताऱ्याला रस्त्यावर सोडून पुढे जाणं सुरती माणसाच्या रक्तात नाही. निंबांना बसवलं गेलं. मारुती डुमसला भजी खायला चालली होती. आग्रहाने दोन प्लेट खायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी एका इंजिनियरने त्यांना हजीऱ्याला नेलं आणि कंपनीच्या कॅन्टीनमध्ये शिरा चारला. तिसऱ्या दिवशीच्या व्हॅनमधून ते चलथाणच्या एका लग्नात पोचले. तिथल्या फोटोत ते नवरदेवाच्या उजव्या हाताला आहेत, डोक्याला फेटा आहे आणि चेहऱ्यावर, मी कोण, असा प्रश्न आहे.

बारा दिवसांत निंबा एकूण पाचशे पावलं चालले. वजन दोन किलोने वाढलं. रात्री स्वप्नात डॉक्टर यायचे, सोबत पाच माणसं धरायला.

तेराव्या दिवशी बंगल्याच्या पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी पाहिलं. एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन रस्त्याने चालले होते. शेजारून चार गाड्या गेल्या, एकही थांबली नाही. निंबा उठून उभे राहिले. मखमली सीटवर कुत्रा कोण घेणार?

कुत्रा त्यांच्याकडे नव्हता. पण लूमवरून निवृत्त होताना आठवण म्हणून आणलेला चामड्याचा पट्टा होता. त्याला त्यांनी उज्ज्वलाच्या झोपाळ्याची जादा साखळी लावली आणि निघाले. पट्टा जमिनीवरून सरपटत पुढे, निंबा मागे.

एकही गाडी थांबली नाही.

फाटकावर वॉचमन बळीराम होता. त्याने साखळी पाहिली. "पाटील, कुत्रा कुठंय?"

"पुढे गेला."

बळीरामने पुढे पाहिलं. "लई जोरात पळतो."

निंबा रोज तासभर चालू लागले. धोतर सैल झालं. उज्ज्वला म्हणाली, "आबा, तुमचा चेहरा निवळला." आणि मग सोसायटीची पहिली चिठ्ठी आली. सतरा नंबरचा कुत्रा दुपारी भुंकतो. दुसरी आली: सतरा नंबरच्या कुत्र्याने नऊ नंबरची बोगनवेल खाल्ली. तिसरी चिठ्ठी घेऊन सोसायटीचे सेक्रेटरी भूपेंद्रभाई स्वतः आले. त्यांच्या स्वीटीला, म्हणजे पांढऱ्या पॉमेरियनला, चार पिल्लं झाली होती. चारही तपकिरी.

"हे तुमच्या कुत्र्याचं काम आहे," भूपेंद्रभाई म्हणाले.

उज्ज्वलाने बोटं मोजली. "पण भाई, आबा साखळी घेऊन फिरायला लागून अकराच दिवस झालेत."

"ते जातीवर असतं, बेन."

रविवारी सकाळी हिरवळीवर मीटिंग भरली. खुर्च्या गोल मांडल्या, मधे निंबा. भूपेंद्रभाईंनी चष्मा चढवला आणि विचारलं, "काका, कुत्रा तुमचा आहे का? हो की नाही?"

निंबांनी मनात हिशेब केला. कुत्राच नाही म्हणावं, तर साखळी गेली. साखळी गेली की उद्यापासून भजी, शिरा, लग्न आणि शेवटी सुई. योगेंद्र समोरच बसला होता. तीन महिने एका घरात राहून त्याने हा कुत्रा एकदाही पाहिला नव्हता.

"माझाच आहे," निंबा म्हणाले.

ठराव पास झाला. कुत्र्याने दोन दिवसांत सोसायटी सोडावी. एका बाईंनी, त्याची कुठेतरी सोय व्हायला हवी, असं म्हणून डोळे पुसले.

"सोय आहे ना," निंबा हळूच म्हणाले. "लिंबायतला आपली जुनी खोली आहे. पण त्याला एकट्याला कसं धाडू? मला पण जावं लागेल."

"आबा, पण कुत्रा..." योगेंद्र उठला.

उज्ज्वलाने त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं. "अहो, आबांशिवाय तो जेवत नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आता सोसायटीनेच काढलं, तर तुम्ही तरी काय करणार?"

योगेंद्रने गोल बसलेल्या मंडळींकडे पाहिलं. कुणीही, बापाला घराबाहेर काढलं, असं म्हणत नव्हतं. सगळे कुत्र्यासाठी हळहळत होते. त्याचे खांदे जरा खाली आले.

मंगळवारी रिक्षा आली. योगेंद्रने आबांची ट्रंक ठेवली, त्यांच्या हातातली साखळी घेतली, पट्टा दोन्ही हातांनी उचलून सीटवर नीट ठेवला आणि म्हणाला, "सांभाळून." कुणाला, ते कळलं नाही.

"सुटीच्या दिवशी येत जा," निंबा म्हणाले. "कोथिंबीर घेऊन जा."

गल्लीत उखा ओट्यावर पाय सोडून बसला होता. "हाई काय शे रे हातमा?"

"कुत्रा शे."

उखाने पट्ट्याकडे पाहिलं आणि पाय वर घेतले.

महिना संपला. डॉक्टरांनी कागद पाहिला, दोनदा पाहिला आणि सुई कपाटात ठेवली. "काय पथ्य केलं?" निंबांनी रोजच्या नऊ अर्ध्या चहांचा विषय काढला नाही.

नंतरच्या रविवारी भूपेंद्रभाई आले. साडीच्या गाठोड्यांची हातगाडी आडवी होती, म्हणून मोटार नाक्यावर सोडून त्यांना चालत यावं लागलं. शंभर पावलांना त्यांना पाऊण तास लागला. प्रत्येक ओट्यावर, कुणाकडे, कुठून, कशाला, हे सांगावं लागलं आणि चहा घ्यावा लागला. निंबांच्या दारात पोचले तेव्हा त्यांची दाढीही झालेली होती. न्हाव्याला नाही म्हणता आलं नव्हतं.

शबनममधून त्यांनी एक तपकिरी पिल्लू काढलं. "कायदो एटले कायदो, काका. बापाच्या मालकाला एक पिल्लू द्यावंच लागतं."

निंबांनी खुंटीवरचा पट्टा काढून पिल्लाच्या गळ्यात घातला. पिल्लू त्यातून आरपार निघालं. मग पट्टा तीन वेळा गुंडाळला.

भूपेंद्रभाईंनी खोलीत पाहिलं, ओट्याखाली वाकून पाहिलं. "अने एनो बाप? दिसत नाही कुठे."

निंबांनी गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. "पुढे गेला."

"असं?" भूपेंद्रभाईंनी धोतर खोचलं, आणि ते दोघं पिल्लाला घेऊन त्याला शोधायला चालत निघाले.